रायबोसोम आणि पेशीच्या वाढीचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्यात बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी शिकवते. परीक्षा जवळ आली की जळगाव, नंदुरबार, शिरपूर, शहादा, कुठून कुठून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येतात आणि दर वर्षी बहुतेक तेच येतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. विद्यार्थ्यांखेरीज केळी लावणारे एक काका आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक जुनी विद्यार्थिनी यांचेही प्रश्न यात आलेत. उत्तरं सुटी वाचता येतात. मागचं काही लागणार असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, रायबोसोम म्हणजे "प्रथिनांचा कारखाना" एवढंच लिहिलं तर चालेल का?

दोन मार्कांना चालेल. पण ही अर्धीच गोष्ट झाली. रायबोसोम एमआरएनए (जनुकातल्या माहितीची नक्कल) वाचून अमिनो आम्लं जोडत जातो आणि प्रथिन तयार करतो, इथपर्यंत ठीक. राहून जातं ते असं की हा कारखाना पेशीला भयंकर महाग पडतो. जोरात वाढणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या कोरड्या वजनाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा नुसत्या रायबोसोमचा असतो. आणि त्याची स्वतःची प्रथिनंही दुसरा रायबोसोमच बनवतो. एवढं महाग यंत्र किती बाळगायचं, हे ठरवणं म्हणजेच वाढीचा वेग ठरवणं. खालचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

रचनेबद्दल थोडक्यात: जिवाणूंचा रायबोसोम ७०एस, त्याचे ३०एस आणि ५०एस असे दोन भाग (एस हे वजनाचं नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसण्याच्या वेगाचं एकक, म्हणून बेरीज जुळत नाही). वजनाने साधारण दोन तृतीयांश आरएनए, उरलेलं प्रथिन. ही रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन यांची पदवी भौतिकशास्त्राची आणि तीही वडोदऱ्याची, म्हणजे नंदुरबारहून सुरतमार्गे गाडी पकडावी इतक्या अंतरावरची. "फिजिक्सवाल्यांना बायोलॉजी जमत नाही" म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगितलं.

२. रायबोसोमच रायबोसोम बनवतो म्हणता, मग त्याला किती वेळ लागतो?

हा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर होतो. ई. कोलायच्या एका रायबोसोममध्ये पन्नासहून जास्त प्रथिनं असतात. त्या सगळ्यांची मिळून अमिनो आम्लं होतात सुमारे ७,४००. एक रायबोसोम चांगल्या खाद्यावर सेकंदाला साधारण १८ अमिनो आम्लं जोडतो. ७,४०० भागिले १८, म्हणजे ४१० सेकंद, सात मिनिटांच्या आत-बाहेर. एका रायबोसोमने बाकी सगळी कामं बाजूला ठेवून फक्त आपल्यासारखा दुसरा रायबोसोम घडवायचा म्हटलं तरी इतका वेळ जाणार.

पण बाकी कामं बाजूला ठेवता येत नाहीत. साखर आत घेणारी प्रथिनं, ऊर्जा देणारी, अमिनो आम्लं बनवणारी, पेशीभित्तिका उभारणारी, हीसुद्धा त्यालाच करायची असतात. म्हणून वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशीत साधारण चौथा हिस्सा रायबोसोम कायम नवे रायबोसोम घडवण्यात गुंतलेले असतात. दोन तासांत दुप्पट होणाऱ्या पेशीत हा हिस्सा बराच कमी असतो. आणि कितीही सुग्रास खाद्य दिलं तरी ई. कोलाय पाच मिनिटांत दुप्पट का होऊ शकत नाही, याचं उत्तरही याच भागाकारात आहे.

३. मग पेशीने आधीच भरपूर रायबोसोम बनवून ठेवले तर वाढ जलद होणार नाही का?

नाही. इथे आपल्याकडची जिनिंग डोळ्यासमोर आणा. दिवाळीच्या आसपास कापूस येऊ लागला की सगळी यंत्रं लागतात, दोन पाळ्या चालतात. पण कापूसच येत नसेल आणि मालकाने कर्ज काढून आणखी दहा यंत्रं बसवली, तर रुई वाढत नाही, कर्ज वाढतं. पेशीचंही तसंच. तिच्याकडे प्रथिनांचं ठरावीक भांडवल असतं. रायबोसोमवर जास्त घातलं की कच्चा माल आणणाऱ्या प्रथिनांना कमी उरतं, अमिनो आम्लं तुटतात आणि रायबोसोम रिकामे बसतात. उलट रायबोसोम कमी ठेवले तर अमिनो आम्लं साचून राहतात, जोडायला कोणी नाही. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते जिथे आवक आणि जोडणी बरोबर जुळते. ती जागा खाद्यानुसार सरकते. ग्लुकोजवर वेगळी, ग्लिसरॉलवर वेगळी, अमिनो आम्लं आयती मिळाली तर आणखी वेगळी.

जिनिंगचा दाखला इथपर्यंतच ओढा. जिनिंगची यंत्रं स्वतःची पिल्लं घडवत नाहीत.

४. वाढीचा वेग आणि रायबोसोम यांचा हा संबंध पहिल्यांदा कोणी दाखवला?

कोपनहेगनमध्ये ओले मॉलो यांच्या प्रयोगशाळेत मोसेलिओ शॅक्टर, मॉलो आणि निल्स केल्गार्ड यांनी. साल १९५८, जिवाणू साल्मोनेला. त्यांनी तो बऱ्याच वेगवेगळ्या खाद्यांवर वाढवला आणि प्रत्येक वेळी पेशीचं वस्तुमान, आरएनए आणि डीएनए मोजलं. निष्कर्ष असा की खाद्यात नेमकं काय आहे याला फारसं महत्त्व नाही. दोन अगदी वेगळी खाद्यं जिवाणूला सारख्याच वेगाने वाढवत असतील, तर पेशीची घडणही सारखीच निघते. वेग वाढला की आरएनए सगळ्यात झपाट्याने वाढतो. १९६० मध्ये नाइडहार्ट आणि मॅगासनिक यांनी दुसऱ्या एका जिवाणूत आरएनएचं प्रमाण आणि वाढीचा वेग यांतला सरळ रेषेचा संबंध मांडला.

तेव्हा जनुकं वाचायची सोय नव्हती. होती ती तराजू, टेस्ट ट्यूब आणि चिकाटी. मला आजही हा प्रयोग वर्गात सांगताना मजा येते.

५. नेमके आकडे सांगा ना. किती रायबोसोम असतात?

ई. कोलाय शंभरेक मिनिटांत दुप्पट होत असेल तर पेशीमागे सुमारे ७,०००. चोवीस मिनिटांत होत असेल तर सुमारे ७०,०००. वेग चौपट, रायबोसोम दसपट. (पेशीही मोठी होते, म्हणून दसपट.)

आता जरा जवळून पाहू. नवजात पेशीत ५०,००० रायबोसोम धरा. चोवीस मिनिटांत तिला आणखी ५०,००० घडवायचे आहेत, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५. आरआरएनए, म्हणजे रायबोसोममध्येच राहणारा आरएनए, हा स्वतःच शेवटचा माल आहे. एका एमआरएनएवरून कितीही वेळा प्रथिन काढता येतं, तशी सवलत इथे नाही. ३५ रायबोसोमना आरआरएनएच्या ३५ वेगळ्या प्रती लागणार. म्हणून ई. कोलायच्या गुणसूत्रावर आरआरएनएचे सात ऑपेरॉन (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांचे गट) आहेत. जोरात वाढताना डीएनएची प्रत काढायचं काम एकावर एक चढलेलं असतं आणि हे ऑपेरॉन बहुतेक त्या कामाच्या सुरुवातीच्या टोकाजवळ आहेत. त्यामुळे प्रत्यक्षात पेशीत त्यांच्या तीस-पस्तीस प्रती असतात. प्रत्येक प्रतीवरून सेकंदाला साधारण एक आरआरएनए सुटतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या जनुकांवर आरएनए पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए काढणारी विकरं) मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक खेटलेले दिसतात.

६. मॅडम, पण पेशीले कसं समजस?

अहिराणीत आलेला प्रश्न तसाच ठेवलाय, कारण सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. पेशीला डोळे नाहीत, खाद्याची बाटली वाचता येत नाही. मग आवक घटली हे कळतं कुठे? खुद्द यंत्रापाशी.

रायबोसोमवर अमिनो आम्ल घेऊन येतो तो टीआरएनए. अमिनो आम्लं तुटली की टीआरएनए रिकाम्या हाताने येऊन रायबोसोमच्या ए-जागेत, म्हणजे नव्या टीआरएनएसाठी असलेल्या जागेत, बसतो. रायबोसोमजवळ रेलए नावाचं प्रथिन असतं. रिकामा टीआरएनए दिसला की ते जागं होतं आणि एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधले दोन फॉस्फेट उचलून त्याच्याच जातीच्या जीडीपी किंवा जीटीपीवर चढवतं. तयार होतो पीपीजीपीपी, म्हणजे दोन्ही टोकांना दोन-दोन फॉस्फेट असलेला छोटासा रेणू. काही सेकंदांतच त्याचं प्रमाण झपाट्याने चढतं.

ई. कोलायमध्ये पीपीजीपीपी थेट आरएनए पॉलिमरेजला चिकटतो. डीकेएसए नावाचं प्रथिन त्याला साथ देतं. दोघं मिळून आरआरएनएच्या प्रमोटरवर (जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागेवर) पॉलिमरेजचं बस्तान बसू देत नाहीत. हे प्रमोटर मुळातच नाजूक आहेत. तिथे उघडलेला डीएनए फार वेळ उघडा राहत नाही, म्हणून थोडासा धक्काही पुरतो. आरआरएनए बंद पडतो आणि त्याच वेळी अमिनो आम्लं बनवणाऱ्या अनेक जनुकांना जोर मिळतो. म्हणजे यंत्रखरेदी थांबवून पैसा कच्च्या मालाकडे वळवला.

उलट बाजू: खाद्य चांगलं असलं की पीपीजीपीपी कमी राहतो, फिस नावाचं प्रथिन आरआरएनएच्या जनुकांना वर ढकलतं आणि सुरुवातीला लागणारे एटीपी-जीटीपी मुबलक असतात. कार्बन किंवा मेदाम्लं तुटली तर रेलए नव्हे, स्पॉटी नावाचं दुसरं प्रथिन पीपीजीपीपी वाढवतं. जादा झालेला पीपीजीपीपी मोडून टाकणंही त्याचंच काम.

बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूत वाट वेगळी आहे. तिथे पीपीजीपीपी पॉलिमरेजला तसा धरत नाही, तो जीटीपीचा साठा घटवतो. बॅसिलसचे आरआरएनए जीटीपीनेच सुरू होतात, त्यामुळे परिणाम तोच निघतो. परीक्षेत "सर्व जिवाणूंत" असं लिहू नका.

७. "मॅजिक स्पॉट" आणि "रिलॅक्स्ड" ही नावं कुठून आली?

१९६९ मध्ये मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट उपाशी ठेवलेल्या जिवाणूंतली किरणोत्सारी फॉस्फेटची संयुगं क्रोमॅटोग्राफीने वेगळी करत होते. फिल्मवर दोन अनोळखी डाग उमटले. नाव पडलं मॅजिक स्पॉट. "रिलॅक्स्ड" हे नाव त्याच्याही आधीचं. रेलए बिघडलेला जिवाणू अमिनो आम्लं संपली तरी निवांत आरआरएनए बनवत बसतो, म्हणून तो रिलॅक्स्ड. धडधाकट जिवाणू लगेच हात आखडतो, म्हणून त्या प्रतिसादाला स्ट्रिंजंट म्हणतात.

८. आरआरएनए थांबला, पण पन्नास-पंचावन्न प्रथिनं जास्तीची बनत राहिली तर?

राहत नाहीत. मासायासू नोमुरा यांच्या गटाने यातली युक्ती उलगडली आणि ती ऐकून विद्यार्थी दरवेळी हसतात. रायबोसोमची काही प्रथिनं, उदाहरणार्थ एल१ किंवा एस४, आरआरएनएला चिकटतात. पण आरआरएनए शिल्लक नसेल तर ती आपल्याच एमआरएनएला जाऊन चिकटतात, कारण तिथे आरआरएनएसारखाच एक घाट असतो. चिकटली की त्या एमआरएनएवरून नवं प्रथिन निघणं बंद. म्हणजे आरआरएनए जितका, तितकीच प्रथिनं. पेशीला दोन वेगळे हिशेब ठेवावे लागत नाहीत. आरआरएनएचा एकच नळ फिरवला की पुरे, म्हणून सहाव्या प्रश्नात सगळा भर आरआरएनएवर आहे.

९. आलेखाची रेषा शून्यातून का जात नाही? वाढ शून्य असली तरी रायबोसोम उरतातच!

बरोबर पाहिलंत. आरएनए आणि प्रथिन यांचं गुणोत्तर वाढीच्या वेगासमोर मांडलं की सरळ रेष येते, पण ती उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदते. फार हळू वाढणाऱ्या पेशीतही काही रायबोसोम असतात आणि त्यांतले सगळे कामावर नसतात. शिवाय हळू वाढताना कामावरच्या रायबोसोमचा वेगही कमी होतो. पेशी हा राखीव साठा का ठेवते? खाद्य अचानक सुधारलं तर नवे रायबोसोम घडेपर्यंत थांबायला नको म्हणून, असं मानतात. मला हे पटतं. पावसाचा नेम नसलेल्या भागातला शेतकरीही एक पोतं बियाणं मागे ठेवतो.

१०. आमच्याकडे मे महिन्यात दही तीन तासांत लागतं. म्हणजे उन्हाळ्यात जिवाणूंचे रायबोसोम वाढतात का?

हा प्रश्न भुसावळहून आला. जिथे पारा ४५ ला टेकतो, तिथून नाही येणार तर कुठून? पण उत्तर "नाही" आहे, आणि इथेच बरेच जण फसतात.

आतापर्यंत जो वेग म्हणत होतो तो खाद्यामुळे बदलणारा वेग. तापमानामुळे बदलणारा वेग वेगळी गोष्ट आहे. कोपनहेगनच्या गटाला १९५८ मध्येच हे दिसलं होतं: खाद्य तेच ठेवून तापमान बदललं तर वाढीचा वेग बदलतो, पण पेशीची घडण जवळपास तशीच राहते. कारण सोपं आहे. उष्णतेने रायबोसोमही वेगाने चालतो आणि अमिनो आम्लं पुरवणारी विकरंही तितकीच वेगाने चालतात. आवक आणि जोडणी एकत्र वाढली, मग वाटणी बदलायची गरज काय? हे जिवाणूला मानवणाऱ्या तापमानापुरतं खरं. फार थंडी किंवा फार उष्णता झाली की वेगळी यंत्रणा कामाला लागते.

याच कारणाने वेगाचे आकडे देताना तापमान लिहा. "वीस मिनिटांत दुप्पट" हे ३७ अंशांचं आहे.

११. रायबोसोमवर मारा करणारं अँटिबायोटिक थोड्या प्रमाणात दिलं तर रायबोसोम घटतात ना?

उलट वाढतात. क्लोरॅम्फेनिकॉलचा डोस जिवाणू मरणार नाहीत इतपतच ठेवला तर वाढ मंदावते, पण पेशीतला रायबोसोमचा वाटा वर जातो. टेरेन्स ह्वा, मॅथ्यू स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे आकड्यांत मांडलं. खाद्य बदलत गेलात तर वेग वाढेल तसे रायबोसोम वाढतात. क्लोरॅम्फेनिकॉल वाढवत गेलात तर वेग कमी होईल तसे रायबोसोम वाढतात. एकाच आलेखावर दोन उलट उताराच्या रेषा.

आठवा: पेशी मोजते ती आवक आणि जोडणी यांतली तफावत (प्रश्न ६). औषधाने काही रायबोसोम अडकून पडले, अमिनो आम्लं साचली, पीपीजीपीपी उतरला. पेशीला वाटतं माल खूप आहे, यंत्रं कमी आहेत. मग ती यंत्रं वाढवते. म्हणून "रायबोसोम किती हे वाढीच्या वेगावरून ठरतं" किंवा "रायबोसोम वाढीचा वेग ठरवतात" ही दोन्ही वाक्यं अपुरी आहेत.

१२. टीबीचा जिवाणू इतका हळू का वाढतो? त्याचे रायबोसोम कमी असतात म्हणून?

कमी असतात हे खरं, पण तेवढंच कारण धरू नका. टीबीचा जिवाणू साधारण २० तासांत दुप्पट होतो आणि त्याच्याकडे आरआरएनएचा एकच ऑपेरॉन आहे. मेणचट भित्तिकेमुळे खाद्य आत येणं अवघड, ती भित्तिका उभारणं महाग, अशी बरीच कारणं एकत्र आहेत.

एकाच ऑपेरॉनमुळे एक भलताच परिणाम होतो. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर मारा करतं. ई. कोलायमध्ये सात प्रतींपैकी एका आरआरएनएत बदल झाला तरी उरलेल्या सहा प्रतींचे रायबोसोम औषधाला बळी पडतातच, म्हणून त्या बदलाचा फायदा होत नाही. टीबीच्या जिवाणूत प्रत एकच, त्यामुळे एक बदल झाला की सगळेच रायबोसोम बदलले. औषधाला दाद न देणारे जिवाणू आरआरएनएतल्या बदलामुळे निघणं टीबीत शक्य होतं ते यामुळे. कोर्स अर्धवट सोडू नका असं आरोग्य केंद्रातल्या ताई का बजावतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

१३. जितके जास्त ऑपेरॉन, तितकी जलद वाढ, असा नियम धरू का?

कल म्हणून धरा, नियम म्हणून नको. बॅसिलस सबटिलिसमध्ये दहा ऑपेरॉन आहेत. दहा मिनिटांच्या आत दुप्पट होणाऱ्या व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्समध्ये त्याहूनही जास्त. सोयाबीनच्या गाठींतला ब्रॅडीरायझोबियम एकाच ऑपेरॉनवर चालतो आणि प्लेटवर त्याच्या वसाहती दिसायला आठवडा जातो. आपल्याकडे जिवाणू खत बनवणाऱ्यांना हा अनुभव आहे: रायझोबियमच्या वाटीत काही दिवसांत वाढ दिसते, ब्रॅडीरायझोबियम वाट पाहायला लावतो.

पण ई. कोलायमधले एक-दोन ऑपेरॉन काढून टाकले तर स्थिर खाद्यावर त्याच्या वेगाला फारसा धक्का बसत नाही, कारण उरलेले जास्त जोराने चालतात. फरक पडतो तो गरीब खाद्यावरून एकदम श्रीमंत खाद्यावर नेताना. सातही असतील तर तो पटकन वेग पकडतो, कमी असतील तर रेंगाळतो. म्हणजे जास्तीच्या प्रती संधी अचानक आली तर धावता यावं म्हणून जास्त कामाच्या. मेंढ्यांचा कळप एक रात्र बसून गेलेल्या शेतात कोणते जिवाणू आधी फोफावतील, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

१४. खाद्य पूर्ण संपलं तर असलेल्या रायबोसोमचं काय होतं?

दोन गोष्टी होतात. काही मोडून खाल्ले जातात, त्यातून न्यूक्लिओटाइड आणि अमिनो आम्लं मिळतात. बाकीचे झोपवले जातात. ई. कोलायमध्ये आरएमएफ आणि एचपीएफ ही प्रथिनं दोन ७०एस रायबोसोम एकमेकांना जोडून १००एसची जोडी करतात. ती जोडी प्रथिन बनवत नाही आणि सहज मोडतही नाही. खाद्य मिळालं की काही मिनिटांत जोडी सुटते आणि काम सुरू. शिळ्या कल्चरमधून ताजं कल्चर घेताना सुरुवातीला जो वेळ जातो, त्यात हेही असतं.

१५. यीस्ट आणि माणसात पण पीपीजीपीपी असतो का?

वाढीचं मुख्य नियंत्रण तिथे पीपीजीपीपीकडे नाही, टीओआर या प्रथिनाकडे आहे. त्याची कहाणी ईस्टर बेटाच्या मातीपासून सुरू होते. १९६४-६५ च्या मोहिमेत तिथून आणलेल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून रॅपामायसिन मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचं नाव तसं. त्यावर पुढे काम करणाऱ्यांत सुरेन सेहगल हे फाळणीपूर्व भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आघाडीवर होते. १९९१ मध्ये हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी यीस्टमध्ये रॅपामायसिनचं लक्ष्य शोधलं आणि त्याचं नाव पडलं टार्गेट ऑफ रॅपामायसिन, म्हणजे टीओआर.

अमिनो आम्लं आणि ऊर्जा असेल तर टीओआर चालू राहतो आणि आरआरएनए, रायबोसोमची प्रथिनं, टीआरएनए या तिन्ही विभागांना एकदम हिरवा कंदील देतो. इथे तीन वेगळे आरएनए पॉलिमरेज आहेत, त्यामुळे तिघांना एका तालात ठेवणं मोठंच काम. यीस्टमध्ये आरआरएनएची जनुकं दीडशेच्या आसपास प्रतींत एकापुढे एक मांडलेली असतात. जोरात वाढणारी यीस्टची पेशी मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम घडवते आणि तिच्या एकूण आरएनए निर्मितीतला साधारण ६० टक्के भाग एकट्या आरआरएनएचा असतो.

१६. कॅन्सरच्या पेशींत केंद्रकी मोठी दिसते, त्याचा याच्याशी संबंध आहे?

थेट. केंद्रकी म्हणजे आरआरएनए घडण्याची जागा. गाठीतल्या पेशींची केंद्रकी मोठी आणि वेडीवाकडी असते हे इटलीतल्या पियानेसे यांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं. मिक (पेशीला वाढायला लावणारं प्रथिन) आणि टीओआर यांच्यावरचा लगाम सुटला की रायबोसोमची निर्मिती वाढते.

निरोगी पेशीत याला एक चोरघंटा आहे. रायबोसोमची जोडणी बिघडली तर आरपीएल५ आणि आरपीएल११ ही प्रथिनं मोकळी राहतात, एमडीएम२ ला जाऊन धरतात आणि त्यामुळे त्याने दाबून ठेवलेला पी५३, म्हणजे पेशीचं विभाजन रोखणारं प्रथिन, वाढतो. पेशी थांबते. रायबोसोमच्या प्रथिनात जन्मतःच दोष असला तर डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमियासारखे आजार होतात. त्यातला आरपीएस१९ चा दोष १९९९ मध्ये सापडला.

१७. मॅडम, आमच्या लॅबमध्ये रेटिक काउंट (रक्तातल्या नव्या लाल पेशींची मोजणी) करताना जी निळी जाळी दिसते, ती रायबोसोमचीच ना?

हो, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुझे विशेष आभार. नव्याने रक्तात उतरलेल्या लाल पेशीत रायबोसोमचा आरएनए थोडा शिल्लक असतो. न्यू मेथिलिन ब्लू या रंगाने तो गोळा होऊन जाळीसारखा दिसतो. एक-दोन दिवसांत तोही नाहीसा होतो. पक्क्या लाल पेशीत रायबोसोम एकही नाही, म्हणजे आपल्या सगळ्या नियमांच्या बाहेरची पेशी.

दुसरा अपवाद याच्या उलट. स्वादुपिंडातली विकरं बनवणारी पेशी किंवा प्रतिपिंडं बनवणारी प्लाझ्मा पेशी रायबोसोमने गच्च भरलेली असते, पण ती विभागत नाही, वाढतही नाही. तिचा माल बाहेर जातो. वाढीचा आणि रायबोसोमचा सरळ संबंध आपलाच माल आपल्यासाठी बनवणाऱ्या पेशींना लागू होतो. निर्यातदार पेशींना नाही.

१८. अंड्यातल्या पेशीला वाढायला कोण रायबोसोम देतं?

आई. बेडकाच्या अंडपेशीत आरआरएनएची जनुकं मुद्दाम वेगळी काढून हजारो पटींनी वाढवली जातात आणि सुमारे एक लाख कोटी रायबोसोम साठवले जातात. १९६४ मध्ये ब्राउन आणि गर्डन यांनी झेनोपस बेडकाचे असे गर्भ तपासले ज्यांना आरआरएनए बनवताच येत नव्हता. तरी ते विभागत राहिले, शेपटी फुटली, अंड्यातून बाहेर आले आणि मगच मेले. तिथपर्यंतचा सगळा प्रवास आईने दिलेल्या रायबोसोमवर. म्हणजे इथे पेशी-विभाजनाचा वेग आणि रायबोसोम-निर्मिती यांची गाठच सुटलेली आहे.

१९. केळीला डीएपी जास्त टाकलं तर रायबोसोम वाढून घड लवकर निसवेल का?

काका, अर्धं बरोबर आहे. आरएनएच्या वजनात सुमारे ९ टक्के फॉस्फरस असतो, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या कोंबात आणि मुळांच्या टोकाशी फॉस्फरसची गरज खरोखर मोठी असते. टिश्यू कल्चरची रोपं ज्या कोंबातून करतात, त्या पेशींत केंद्रकी ठसठशीत आणि रायबोसोम दाट. फॉस्फरस तुटला तर रायबोसोम नक्की घटतात. पण तो पुरेसा झाल्यावर आणखी टाकून ते वाढत नाहीत, कारण मग नत्र, पाणी, ऊन यांतलं काहीतरी दुसरं अडवत असतं (प्रश्न ३). चुनखडीच्या काळ्या जमिनीत जादा फॉस्फरस तसाही मातीत अडकून पडतो. आधी माती परीक्षण करून घ्या.

२०. हे आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मोजून पाहता येईल का?

येईल. ई. कोलायच्या एकूण आरएनएमध्ये बहुतेक भाग आरआरएनएच असतो, म्हणून एकूण आरएनए मोजला तरी रायबोसोमचा अंदाज बांधता येतो. दोन-तीन वेगवेगळी खाद्यं घ्या: फक्त ग्लिसरॉल, फक्त ग्लुकोज, आणि ग्लुकोज अधिक केसिन हायड्रोलायसेट. ६०० नॅनोमीटरला वाढ मोजा. पेशी धुवा, थंड परक्लोरिक आम्लात साका बसवा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आरएनए विरघळवा, पुन्हा आम्ल घालून डीएनए-प्रथिनांचा साका खाली बसवा आणि वरच्या निवळीचं २६० नॅनोमीटरला वाचन घ्या. प्रथिन लॉरीच्या पद्धतीने मोजा. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर ऑर्सिनॉल (आरएनएबरोबर हिरवा रंग देणारं रसायन) चालतं. हिरवा रंग गडद होत जाताना डोळ्यांनीच फरक दिसतो.

एक चूक माझी, ती तुम्ही करू नका. एमएस्सीला असताना मी रात्रभर वाढवलेलं दाट कल्चर घेऊन सरळ आरएनए काढला. तिन्ही खाद्यांचं उत्तर जवळजवळ सारखंच आलं आणि मी दोन दिवस परक्लोरिक आम्लाला दोष देत बसले. रात्रभराचं कल्चर म्हणजे उपाशी कल्चर (प्रश्न १४). आधी ते बरंच पातळ करून काही पिढ्या भरवेगात वाढू द्यायचं आणि दाट होण्याआधीच नमुना घ्यायचा. मध्येच वीज गेली, शेकर थांबला, तर तो नमुना टाकून द्या. ऑक्सिजन घटला की वेग बदलतो आणि आकडा कशाचाच राहत नाही.

२१. १६एस सिक्वेन्सिंगमध्ये जास्त दिसलेला जिवाणू खरंच जास्त असतो का?

असेलच असं नाही. या पद्धतीत जिवाणू ओळखतात ते १६एस या आरआरएनएच्या जनुकावरून आणि ते प्रत्येक ऑपेरॉनमध्ये असतं. त्यामुळे दहा ऑपेरॉनवाल्याची एक पेशी दहा वेळा मोजली जाते, एक ऑपेरॉनवाल्याची एकदाच (प्रश्न १३). प्रोजेक्टमध्ये ही दुरुस्ती केली की नाही ते लिहा.

२२. मग पीपीजीपीपी केळीच्या पानात असतो का?

असतो, हरितलवकात. हरितलवक हा मुळात पेशीत वस्तीला आलेल्या सायनोबॅक्टेरियाचा वंशज. त्याचे रायबोसोम आजही ७०एस आहेत आणि रेलए-स्पॉटीच्या घराण्यातली प्रथिनंही त्याच्याकडे आहेत. त्यामुळे एकाच पेशीत पेशीद्रव्यातले ८०एस रायबोसोम टीओआरच्या हुकमात आणि पानाच्या हिरव्या कणांतले ७०एस पीपीजीपीपीच्या. दोघं एकमेकांशी कसे जुळवून घेतात, हा सध्या जोरात चाललेला विषय आहे, आणि पीएचडीसाठी कोणी विचारत असेल तर माझं मत त्याच बाजूला पडेल.